वरवंट्यानं ठोकलेली पिन

त्या वर्षी दसऱ्यापासून आमच्या घरच्या ठेच्यात कचकच लागायला लागली. बाबा घास चावता चावता थांबायचे, जीभ दातांवरून फिरवायचे आणि ताटाकडे बघतच मायला विचारायचे, "मिरच्या धुत नाईस का तू?" माय म्हणायची, "तीन पान्यानं धुते. तुमच्या गाडीचाच धुरळा येते घरात." मग बाबा पुढचा घास घ्यायचे. धुरळ्याबद्दल बोलायला त्यांना तोंडच नव्हतं, कारण गाडीचं शेड आणि आमचा स्वयंपाक यांच्या मधे पोत्याचा एक पडदा तेवढा होता. सोपानमामा मान खाली घालून जेवत राहायचा. मी तिघांच्या ताटांकडे आळीपाळीनं बघायचे आणि माझा ठेचा ताटाच्या कडेला सारायचे. ती कचकच कशाची आहे, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

घर शेलूबाजारला, हमरस्त्याला लागून. पुढे टिनाचं शेड, शेडच्या एका टोकाला कडुनिंब, मागे दोन खोल्या, त्यामागे न्हाणी. दिवस उजाडायच्या आत जीपवाले "मंगरूळ, मंगरूळ" आणि "मालेगाव, मालेगाव" असं ओरडायला लागायचे ते दिवे लागेपर्यंत. मी अभ्यास त्यातच केला, झोप त्यातच काढली. पुढे लग्न होऊन वाशीमच्या एका शांत गल्लीत गेले तेव्हा पहिला महिनाभर मला झोप लागेना, आणि सासूबाईंना वाटलं पोरगी माहेरासाठी झुरते आहे. मी जीपवाल्यांसाठी झुरत होते, पण हे सांगायचं कोणत्या तोंडानं.

शेडमधे आमची पांढरी मोटार उभी असायची. बाबा ती भाड्यानं चालवायचे. नवरी न्यायची असो की कुणाला तारखेसाठी वाशीमच्या कोर्टात पोचवायचं असो, आसपासच्या गावांतून बोलावणं आमच्याकडेच यायचं. मोटार जुनी होती. आजकाल गिअरचा दांडा दोन सीटांच्या मधे असतो. आमच्या गाडीचा स्टिअरिंगच्या खालून बाजूला निघायचा. तिथून सळया खाली जायच्या, आणि गाडीच्या पोटाखाली गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या एका दांड्यावर लोखंडी हात बसवलेला होता, त्याला जोडल्या जायच्या. तो हात दांड्यावर धरून ठेवायला बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी एक पिन होती. एवढ्याशा पिनेवर सगळी गाडी. ती सरकली की ड्रायव्हरनं वर कितीही दांडा हलवला तरी खाली काही पोचायचं नाही.

गाडी चालवायचे बाबा, पण गाडी कळायची ती सोपानमामाला. मामा म्हणजे मायचा थोरला भाऊ, केनवडचा. उमेदीची वर्षं त्यानं अकोल्याला मोटारींच्या कामात काढली होती. बाबांच्या हातात पाना पहिल्यांदा त्यानंच दिला. मामी गेल्यावर केनवडच्या घरात त्याचं मन लागेना, तेव्हा माय स्वतः जाऊन त्याला घेऊन आली. बहिणीच्या घरी थोरल्या भावानं राहावं का, यावर गावात बऱ्याच जणांना मत होतं. मामाच्या कानावर ते येत असावं, कारण तो आमच्या घरात कायम पाहुण्यासारखा वागायचा. स्वतःचं ताट स्वतः घासायचा, शेडमधल्या खाटेवर झोपायचा, दुसरी भाकर मायनं वाढली तरच घ्यायचा. त्याचं म्हणावं असं एकच होतं, खाकी कापडाची हत्यारांची पिशवी. तिच्यात पाने, हातोड्या, छिन्न्या असायच्या; सुंबा तेवढा शेडमधल्या खुंटीवर असायचा. सुंबा म्हणजे बोथट टोकाचा पोलादी दांडू. पिनेवर तो टेकवायचा आणि वरून हातोडी मारायची.

आमची पिन निमुळती होती. एक टोक जाड, दुसरं किंचित बारीक, इतकं किंचित की नुसत्या डोळ्यांना सहज कळू नये. जाड टोकावर ठोकलं की पिन घट्ट बसते, बारीक टोकावर ठोकलं की निघते. मामाचा त्यावर एक ठरलेला धडा होता. गाडीखालून बाहेर येताना तो दरवेळी म्हणायचा, "ड्रायवरकडून घालाची, किलीनरकडून काढाची. हे ध्यानात ठेवलं का पिन तुले आयुष्यात तरास देत नाई." ड्रायव्हरची बाजू शेडमधे रस्त्याकडे यायची आणि क्लीनरची भिंतीकडे. मी हा धडा शंभरदा ऐकला असेल. ऐकणं आणि ध्यानात ठेवणं यात फरक आहे, तो मला नंतर समजला.

त्या वर्षी मामाच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला होता. आधी तो सुईत दोरा मला ओवायला सांगायचा, मग पान्यांवरचे आकडे वाचायला सांगायला लागला. बाबांना ते दिसत होतं. ते वाईट नव्हते, पण गाडीवर घर चालायचं आणि गाडीच्या बाबतीत त्यांच्या मनात शंका शिरली की ती मुंगीसारखी फिरत राहायची. मामानं काम केल्यावर ते हळूच खाली वाकून बघायला लागले. मामाच्या ते ध्यानात यायचं. तो हात पुसायला जरा जास्त वेळ लावायचा. एकदा बाबा मायला म्हणाले, "एखांद्या दिवशी तुह्या भावाच्या हातून काई राहून गेलं तं भर रस्त्यात मानसं मरतीन." माय म्हणाली, "त्यानंच शिकवलं तुमाले." बाबा म्हणाले, "म्हनून तं बोलता येत नाई." मी पडद्याच्या अलीकडे तांदूळ निवडत होते. मला मामाची फार दया आली. त्या वेळी मला ठाऊक नव्हतं की बाबांना त्याच्याकडून ज्या चुकीची भीती होती ती माझ्याच हातून व्हायची आहे.

मला गाडी चालवायची होती. का, ते सांगता येत नाही. आमच्यात तेव्हा मुली सायकल चालवत, तीही शाळेपुरती. पण मी जन्मापासून त्या गाडीजवळ वाढले होते, बाबांचा पाय क्लचवर कधी जातो हे मागच्या सीटवर बसून मला पाठ झालं होतं. एकदा विचारलंही होतं. बाबा हसले होते आणि मायला म्हणाले होते, "पोट्टीले आधी भाकर थापाले शिकव." भाकर मला थापता येत होती. म्हणून तर राग आला.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पूजेला बसत. बाबा आणि मामा दोघं मिळून सगळे पाने रॉकेलनं घासून चकचकीत करायचे, पाटावर मांडायचे, हळदकुंकू, झेंडूची फुलं. मायची विळी आणि माझी कंपासपेटीही तिथेच. एकदा हत्यार पाटावर बसलं की दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं लुटून येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. रस्त्यावर गाडी बंद पडो, खिळा ठोकायचा राहो, नाही म्हणजे नाही. पाटा-वरवंटा तेवढा पूजेबाहेर असायचा, कारण सणालाही जेवायचं असतंच.

दसऱ्याच्या दिवशी ऊन उतरल्यावर बाबा आणि मामा सोनं लुटायला शिवेवर गेले. माय देवीच्या देवळात ओटी भरायला गेली. मी मागे राहिले, पोट दुखतं म्हणून. ते खरंच दुखायला लागलं होतं, भीतीनं. गाडीची किल्ली पाटाच्या कडेला ठेवलेली होती. किल्ली म्हणजे काही हत्यार नव्हे, असं मी देवाला मनातल्या मनात समजावलं आणि ती उचलली. गाडी सुरू झाली. मी ती शेडमधून मागे निंबापर्यंत नेली आणि परत जागेवर आणली. सगळं मिळून वीस-पंचवीस पावलं असतील. आजपर्यंत मी पुष्कळ गाडी चालवली आहे, सगळ्या विदर्भात फिरले आहे, पण तेवढ्या लांबचा प्रवास पुन्हा झाला नाही.

गाडी जागेवर आली, मी बंद केली, आणि शेवटी दांडा मधे आणायला गेले तर तो हातात लुळा पडला. वर गेला, खाली आला, कशालाच लागेना. खाली वाकून बघितलं तर मातीत पिन पडलेली. ती वर्षातून एखाद्या वेळी ढिली व्हायचीच, भोक झिजलं होतं. मामा ठोकून बसवायचा. पण हातोडी पाटावर, तिच्यावर झेंडूचं फूल. ते फूल हललं असतं तर मायला कळलं असतं, आणि मायला कळलं नसतं तरी देवीला कळलं असतं. मी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला.

ड्रायव्हरच्या बाजूनं गाडीखाली शिरले असते तर माझे पाय रस्त्यावरून दिसले असते. म्हणून मी भिंतीकडून शिरले, क्लीनरच्या बाजूनं. तिकडूनच पिन भोकाला लावली. ती अर्ध्यात अडकली. मी वरवंट्यानं मारलं, पुन्हा मारलं. अंगावर माती पडत होती आणि रस्त्यावर लोकांचा आवाज जवळ येतो आहे असं वाटत होतं. पिन आणखी जाईना तेव्हा मी थांबले. वर येऊन दांडा हलवला, गिअर लागले. वरवंट्याची एक कड उडाली होती. मी तो धुतला, उडालेली कड पाट्याकडे करून ठेवला आणि किल्ली जागेवर ठेवली. संध्याकाळी बाबांनी मला सोनं दिलं, मी त्यांच्या पाया पडले, आणि त्यांनी "मोठी हो" म्हटलं तेव्हा मला रडू आलं. माय म्हणाली, पोट अजून दुखते वाटते.

पुढे सगळा हिवाळा ती पिन माझ्या पोटात होती. गाडी गेली की परत येईपर्यंत मी रस्त्याकडे कान लावून बसायचे. आमच्या गाडीचा हॉर्न मला शंभरांत ओळखू यायचा. उशीर झाला की मला दिसायचं, मालेगावच्या उतारावर बाबा दांडा हलवताहेत आणि तो लुळा पडला आहे. परीक्षेचं पुस्तक उघडं असायचं आणि मी त्याच पानावर असायचे. बरं, पिन काही पडली नाही. उलट कधी नव्हे इतकी घट्ट बसली होती. बाबा एकदा कौतुकानं म्हणाले, "सोपानभाऊ, या खेपेले पिन मस्त बसली." मामा म्हणाला, "म्या तं दसऱ्याआधीच ठोकली होती." आणि मी पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्तानं उठले.

मग लग्नसराई आली. गाडी पुढचे पंधरा दिवस लग्नांसाठी ठरलेली होती आणि पहिली नवरी परवाच्या सकाळी न्यायची होती. तिसरा गिअर आदल्या आठवड्यापासून नीट लागत नव्हता. लोखंडी हाताच्या आतलं बुश, म्हणजे पितळी कडं, झिजलं होतं, ते बदलायला हात काढावा लागणार होता आणि हात काढायला पिन. हे मी संध्याकाळी भाकरी करता करता ऐकलं. तव्यावरची भाकर करपली तरी मला वास आला नाही.

सकाळी चहा झाल्याबरोबर बाबांनी गाडी जॅकवर उचलली, खाली लाकडी ठोकळे दिले, पोतं अंथरलं. मामा पिशवी घेऊन आला आणि खाली बसायला लागला, तर बाबा म्हणाले, "तुमी बसा खाटीवर. मीच काढतो. तुमाले अंधारात दिसनार नाई." मामा उभा राहिला, मग खाटेवर जाऊन बसला. बाबा धड्याप्रमाणे क्लीनरच्या बाजूनं शिरले. सुंबा टेकवला आणि हातोडी मारली.

त्या आवाजाचं काय सांगू. पिन निघत असली की आवाज बदलत जातो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. हा बदलत नव्हता. टण, टण, टण, आणि प्रत्येक घाव माझ्या टाळूवर. मी पडद्यामागे कणीक मळत होते आणि मला पहिल्यांदा लख्ख समजलं की मी काय करून ठेवलं आहे. मी पिन क्लीनरकडून घातली होती. जाड टोक तिकडे होतं. बाबा काढायला म्हणून मारत होते ते जाड टोकावर, आणि दर घावाला पिन आणखी आत रुतत होती. ते जितकी मेहनत करतील तितकं काम बिघडणार होतं. टोकांवर ग्रीस आणि माती इतकी बसली होती की जाड कोणतं, बारीक कोणतं, कुणाला दिसणार.

बाबांनी रॉकेल सोडलं, वाट बघितली, पुन्हा मारलं. शेजारच्या वेल्डिंगवाल्याला बोलावून लोखंडी हात तापवला, पुन्हा मारलं. उन्हं चढली. चहाच्या टपरीवरची चार-सहा माणसं शेडच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. आमच्याकडे कुणी गाडीखाली शिरला की सल्ला द्यायला माणसं कमी पडत नाहीत. एकानं मोठी हातोडी घ्या म्हटलं. बाबांनी घेतली. मामा खाटेवरून म्हणाला, "जवाईबापू, जोरानं नका मारू. दांडा वाकला तं गिअरबॉक्सच उतरवा लागन." बाबा खालून ओरडले, "मंग काय हात जोडू का पिनेले?" मायनं पडद्यातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कुंदे, कनकीत पानी किती टाकलं?" कणीक पातळ झाली होती.

मी चहा घेऊन बाहेर गेले. बाबा बाहेर आले होते, अंगठ्यातून रक्त येत होतं. मी कप पुढे केला आणि म्हणाले, "बाबा, तिकडून मारून पाहा नं. ड्रायवरकडून."

मला वाटलं, मी फार शहाणी आहे. चूकही निस्तरेल आणि सांगावंही लागणार नाही.

बाबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. टपरीवरचे हसले. पण मामा म्हणाला, "मारून पाहा. काय बिघडते." बाबा कुरकुरत ड्रायव्हरच्या बाजूनं शिरले. पहिल्या घावाला काही नाही. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला आवाज बदलला, जाड झाला, आणि चौथ्या-पाचव्याला पिन पलीकडे पोत्यावर पडली. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. खरं सांगते, त्या क्षणी मला देवीपुढे नारळ फोडावासा वाटला.

बाबा पिन घेऊन बाहेर आले. चिंधीनं पुसली, उजेडात धरली, दोन्ही टोकांवर बोट फिरवलं. शेवटी म्हणाले, "सोपान. ही पिन उलटी होती."

एवढ्या वर्षांत त्यांनी मामाला नुसतं सोपान कधी म्हटलं नव्हतं. टपरीवरची माणसं हसायची थांबली. मामा उठला, जवळ आला, पिन हातात घेतली. ती त्यानं डोळ्यांजवळ नेली नाही. चिमटीत धरून हळूहळू फिरवली, टोकावर अंगठा दाबला. मग पिन बाबांच्या हातात परत ठेवली.

"माह्याच हातून झालं असन," तो म्हणाला. "दसऱ्याच्या आधी म्याच ठोकली होती. आता मले दिसत नाई, जवाईबापू. तुमी म्हनत होते ते खरं हाय."

बाबांना तो वाद घालेल असं वाटलं असावं. ते ओशाळून म्हणाले, "तसं नाई, पन..." आणि पिन चिंधीनं पुन्हा पुसायला लागले. मामा खाली बसून हत्यारं गोळा करायला लागला. एकेक पाना पुसायचा, पिशवीत ठेवायचा. मायनं विचारलं, "दादा, काय करून राह्यला तू?" तो म्हणाला, "दुपारची जीप हाय रिसोडची. केनवडले जाऊन येतो." जाऊन येतो म्हणाला, पण सुंबासुद्धा पिशवीत ठेवला, जो कायम शेडमधल्या खुंटीवर असायचा. मायनं ते बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

मी तिथेच उभी होते, रिकामा ट्रे हातात. माझ्या चलाखीनं काय केलं ते माझ्या समोर होतं. मी गप्प बसले असते तर निदान पिन अडकलेली राहिली असती, दोष कुणाचा ते ठरलं नसतं. मीच पिन काढायची वाट दाखवली आणि ती उलटी होती हे सगळ्यांपुढे सिद्ध करून दिलं, ज्यानं ती उलटी घातली नव्हती त्याच्या नावावर. आज साठीत आल्यावर मी कधी कधी स्वतःला विचारते, मामानं कबूल केलं नसतं, तो भांडला असता, तर मी बोलले असते का? बहुतेक नसते बोलले. तो इतक्या सहजपणे माझी चूक अंगावर घेत होता, ते मला बघवेना.

"मामानं नाई टाकली," मी म्हणाले. "म्या टाकली."

कुणी लक्ष दिलं नाही. मी पुन्हा म्हणाले. बाबा म्हणाले, "घरात जाय." मी म्हणाले, "दसऱ्याच्या दिवशी पिन पडली होती. म्या वरवंट्यानं ठोकली. किलीनरकडून." बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग मायकडे, आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. तेच वाईट झालं. ते टपरीवाल्यांना म्हणाले, "भाचीले मामाची माया येऊन राह्यली." सगळे मान हलवायला लागले. एक जण म्हणाला, पोरगी गुणी हाय. मामाही हसला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "नको बाई, माह्यासाठी खोटं कायले बोलतं?"

म्हणजे मी खरं बोलले आणि त्याचं मला खोट्याचं बक्षीस मिळालं. राग आला मला. इतके महिने मी झोपले नव्हते आणि यांना वाटत होतं की पोट्टीला पिन कशी बसवायची हे माहीत तरी असेल का. मी बाबांच्या हातातून पिन घेतली. "दाखवू?" मी विचारलं.

बाबा म्हणाले, "दाखव."

ते चिडून म्हणाले, मी घाबरून जाईन म्हणून. मी घाबरलेच होते, त्यात नवीन काही नव्हतं. ओढणी कमरेला बांधली आणि भिंतीकडून खाली शिरले. खालून मायचे पाय दिसले. ते घरात गेले, परत आले, आणि माझ्या हाताजवळ जमिनीवर वरवंटा ठेवला गेला. उडालेली कड वर करून. मायला त्या कडेचा हिशेब कधी लागला होता, मला आजही माहीत नाही.

लोखंडी हात दांड्यावर चढवला, बोटानं भोक शोधलं, पिन लावली. पिन एकदा पडली. दुसऱ्यांदा लागली. मग मी मारलं. दगडाचा घाव हातोडीसारखा वाजत नाही, तो आतल्या आत वाजतो. पाच-सहा घावांत पिन जिथे थांबायची तिथे थांबली. मी तशीच पडून राहिले. बाहेर यायचं धैर्य होईना.

बाबा खाली वाकले. त्यांनी हात घालून पिन हलवून बघितली. हलली नाही. मग त्यांनी विचारलं, "पिन पडली कशी?"

"गाडी चालवून पाह्यत होती."

"कुठी चालवली?"

"निंबापर्यंत. अन परत."

बाबांनी मान वळवून निंबाकडे बघितलं. मग म्हणाले, "निंब मागं हाय. रिवस टाकला तू?" त्या गाडीचा रिव्हर्स बाबांनासुद्धा दोनदा-तीनदा टाकावा लागायचा. मी म्हणाले, "हो." ते उठून उभे राहिले. मला आता फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. त्या मामाच्या पायांकडे वळल्या.

"सोपानभाऊ," बाबा म्हणाले, "पिशवी खाली ठेवा."

मामा म्हणाला, "पिन काढाची हाय अजून. बुश तं तसंच राह्यलं." आणि पिशवीतून सुंबा काढला.

त्या दिवशी बुश बसलं, दुसऱ्या दिवशी नवरी वेळेवर गेली. बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला त्या आठ दिवसांत रोज वाटलं. मायनं पाट्याला टाके घालणाऱ्या टाकीवाल्याकडून वरवंटा घासून घेतला आणि ठेच्यातली कचकच गेली. उन्हाळा संपताना मामाच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पुढच्या वर्षी दुसऱ्याचं. खूप वर्षांनी, माझ्या मुलाच्या बारशाला आलेला असताना, मी त्याला विचारलं की तेव्हा तू भांडला का नाहीस. तो म्हणाला, "डोये गेले होते, बोटं नोते गेले. टोकावर हात फिरवला अन समजलं, हे हातोडीचं काम नाई, गोट्यानं कुटलेलं हाय. मले वाटलं तुह्या मायनं कुटली. बहिनीचं नाव कसं घेऊ?" माय तिथेच होती. म्हणाली, "माह्यावर संशय घेतला होय तू?" आणि दोघं हसत सुटली.

पण मला सांगायचं आहे ते पुढच्या खंडेनवमीचं. पाने घासून झाले, पाटावर मांडले गेले. मी हळदकुंकवाचं ताट धरून उभी होते. गेल्या वर्षीच्या आठवणीनं मला मान वर करवत नव्हती. पाने, छिन्न्या, मायची विळी, गाडीची किल्ली. मामानं मोठी हातोडी ठेवली, मग लहान हातोडी ठेवायला हात पुढे केला, तर बाबांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. पाटावरून सुंबाही उचलला. दोन्ही त्यांनी स्वयंपाकाच्या कोनाड्यात ठेवले, वरवंट्याच्या शेजारी.

माय म्हणाली, "अवो, हत्यार पूजेबाहेर ठेवत नाई."

बाबा पाटासमोर बसले, टोपी सारखी केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "राहू दे. पोरगी घरी एकटी राह्यली तं लागन."